अकरावा प्रश्न आणि माझी अंगठी

माझ्याच वर्गात येऊन कुणी माझी परीक्षा घेईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. इर्बिद शहरातल्या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतेय. बोर्डाच्या परीक्षेतली गणितं माझ्या मुली चुटकीसरशी सोडवतात. त्यात विजदान आली. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता विद्यापीठात प्रबंध लिहितेय: गणितं सुटतात, पण भौतिकशास्त्र कळतं का? तिच्या पेपरात तीस प्रश्न, एकातही आकडा नाही. दुसऱ्या शाळांनी तिला दारातही उभं केलं नव्हतं. दोन वर्षांचं काम माझ्या अकरावीच्या वर्गावर अडलेलं.

"मिस, तुम्ही फक्त बसून राहा," ती म्हणाली.

बसून राहा म्हणे! पाहुणीसमोर मुली गडबडल्या तर नाक कुणाचं कापलं जाणार? मी बाकांमधून फिरले आणि पोरी अडल्या की अंगठीने बाकावर ठोकलं. एक टक म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा. तपासनीस आले की आमचं हेच चालतं, मुलींना पाठ आहे. अकराव्या प्रश्नाशी सगळ्याच अडखळल्या. चेंडू सरळ वर फेकलाय, हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. हवा सोडून द्या, त्याच्यावर कोणती बलं आहेत? मी खुशाल दोनदा ठोकलं: वर ढकलणारं बल आणि खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण. नुसैबा नावाची एक हट्टी पोर नुसती नाही-नाही अशी मान हलवत बसली. तिच्या बाकावर मी पुन्हा ठोकलं.

आठवड्याने विजदान शिक्षकखोलीत माझ्यासमोर बसली. मी मरामियाची पानं उकळून केलेला चहा तसाच गार होत होता.

"मिस, चौतीसपैकी तेहतीस जणींचं अकरावं उत्तर एकच आहे. आणि ते चूक आहे. एकट्या नुसैबाचं बरोबर."

"चूक?" माझा आवाज चढला. "आता तू मला शिकवणार?"

तिने नुसैबाला बोलावून घेतलं. पोरीने टेबलावरचं संत्रं उचललं, वर उडवलं, झेललं.

"मिस, हात तर खालीच राहिला. मग वर ढकलतंय कोण?"

मी तिच्या हातातलं संत्रं घेतलं आणि स्वतः उडवून बघितलं. बावीस वर्षं फळ्यावर सूत्रं बरोबर लिहीत होते, आणि मनात मात्र कुणीतरी त्या चेंडूला ढकलतच होतं.

नुसैबा गेल्यावर मी खरं सांगून टाकलं. विजदान हसली, पण डोळे भरले होते. "मिस, मीही त्याच बाकांवर बसलेय. ती टकटक मला ठाऊक नाही का? तुम्हाला अडवायला माझीच जीभ रेटली नाही. आता ते पेपर मी वापरू शकत नाही. प्रबंध गेला."

माझी लाज राखायला पोरीने दोन वर्षं पाण्यात जाऊ दिली! मी उठले ती थेट मुख्याध्यापिकेकडे गेले आणि टकटकीसकट सगळं सांगितलं. बाईंनी मला असं झापलं की चहा घेऊन आलेली बाई दारातूनच परत फिरली. झापून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या तुकडीची परीक्षा घ्यायच्या परवानगीवर सही केली.

परीक्षेच्या दिवशी मी अंगठी काढून विजदानच्या हातावर ठेवली. "मलाही एक पेपर दे."

मी शेवटच्या बाकावर बसले तशा पोरी खिदळल्या. "मिस, तुम्हीपण?"

"पुढे बघा गं! आणि मला विचारू नका, मलाही येत नाही."

संध्याकाळी विजदानने अकराव्या प्रश्नाची उत्तरं मोजली. पाच तऱ्हेची उत्तरं, बहुतेक सगळी चुकलेली. ती लहान पोरीसारखी ओरडली, "मिस, बघा तरी, केवढ्या चुका! सगळ्या त्यांच्या स्वतःच्या!"

माझं उत्तर बरोबर होतं, ते नुसैबाचं देणं. त्या पोरींचं भलं होवो. अल्हम्दुलिल्लाह म्हणत मी ते चुकलेले पेपर छातीशी धरले.