शेकरच्या पोटातली खरी चव

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा शेकर आहे, दारूची मिश्रणं हलवायचं झाकणाचं भांडं. पोटाला एक पोचा पडला आहे, पण माझ्या झाकणातून अजून थेंब गळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे मालक मोठ्या हॉटेलात तीस वर्षं बारमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घरी आणलं. दर शनिवारी संध्याकाळी ओट्यावर माझा थाट असे. दोन भाग ब्रँडी, एक भाग संत्र्याचं गोड लिकर, एक भाग ताज्या लिंबाचा रस, वर बर्फ. माझ्या अंगावर पांढरं दव धरेपर्यंत मालक मला हलवत. मग स्ट्रॉने एक थेंब चाखत आणि काठाला साखर लावलेल्या ग्लासात मालकीणबाईंसाठी गाळत. मापाला त्यांनी कधी हात लावला नाही. सगळा कारभार जिभेवर.

गेल्या वर्षी तापात त्यांची चव गेली. त्यांनी अवाक्षर काढलं नाही. स्ट्रॉ जिभेला लावून मान डोलवायचे आणि अंदाजाने आणखी एक लिंबू पिळायचे. बाई ते आंबटढाण पेय निमूट पिऊन "वा" म्हणायच्या. मला दात नाहीत म्हणून बरं, नाहीतर आंबलेच असते.

पुढे लेकीचं लग्न ठरलं. चाळीस पाहुण्यांना, त्यात हॉटेलातल्या जुन्या सोबत्यांना, आपल्याच हातचं पाजायचं असं मालकांनी जाहीर केलं.  त्या शनिवारी बाईंनी ग्लास खाली ठेवला.

"अहो, लिंबू फार होतंय. चार महिने होतंय."

मालकांनी हातातलं लिंबू ओट्यावर ठेवलं.

"मला चवच कळत नाही गं. तू वा म्हणालीस, की वाटायचं, जमलं."

मला त्यांनी वरच्या फळीवर टाकलं. तीन शनिवार मी धूळ खाल्ली आणि मला फार वाईट वाटलं. चौथ्या शनिवारी बाईंनीच मला खाली काढलं, सगळं माझ्यात ओतलं आणि झाकण न दाबताच हलवलं. ब्रँडी भिंतीवर उडाली. मालकांना ते बघवेना. त्यांनी मला हिसकावून घेतलं, पुन्हा भरलं, हलवलं आणि स्ट्रॉ बाईंपुढे धरली.

"संत्र्याचं थोडं वाढवा," बाई म्हणाल्या.

लग्नात मालकांनी मला हलवलं आणि प्रत्येक खेप बाईंनी चाखली. जुन्या सोबत्यांनी दुसरा ग्लास मागून घेतला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढं तुम्ही कराल याची मला खात्री आहे. पण कुणी तुमच्यासाठी जीव ओतून काही केलं आणि ते बिघडलं, तर त्याला तसं सांगा. तुमच्या खोट्या "वा"वर तो बिचारा चार महिने लिंबं पिळत राहतो.