चांगुणाचे बूट

चांगुणाला आपल्या पायांचं खरं कळलं ते हळदीच्या दिवसांत. साखरा गावच्या शिवारात अमृतरावांच्या मळ्यावर हळद शिजवायचं काम चालू होतं. कुकरमधून काढलेली वाफाळती हळद बाया पाटीनं वाहून ताडपत्रीवर पसरवत होत्या. चिखलात चप्पल सटकते म्हणून चांगुणानं ती बांधावर काढून ठेवली आणि दिवसभर तशीच अनवाणी वावरली. संध्याकाळी मोरीत पाय धुताना तिला उजव्या तळव्याला काहीतरी लोंबताना दिसलं. ती कातडी होती. भाजून भला मोठा फोड आला होता, तो फुटलाही होता, आणि तिला पत्ता नव्हता.

ती तिथंच ओल्या फरशीवर बसली. असा पाय तिनं एकदा बघितला होता.

भीमराज, तिचा नवरा, गवंडीकाम करायचा. सेंट्रिंगच्या फळीतला खिळा त्याच्या तळव्यात घुसला आणि तो त्याच पायानं कामावर जात राहिला. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले. नुसत्या मुंग्या येतात, म्हणायचा. घरात वास सुटला तेव्हा चांगुणानं जबरदस्तीनं मोजा काढला. नांदेडला नेलं, गुडघ्याखाली पाय कापला, पण विष अंगात भिनलं होतं. वर्ष काही त्यानं काढलं नाही. दवाखान्यात खाटेशी उभं राहून ती त्याला म्हणाली होती, "काहून लपवलं तुमी? तोंड नव्हतं का सांगायला?" भीमराजनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं.

आता चांगुणानं फोडाला खोबरेल तेल लावलं, धुतल्या लुगड्याची चिंधी बांधली आणि कुणालाही सांगितलं नाही. तिलाही साखर निघालेली होती. उपकेंद्रातून गोळ्या मिळत, त्या ती आठवण झाली की घ्यायची. जखम कशीबशी भरली. मागं गुलाबी, चकचकीत डाग राहिला.

गप्प राहण्याचं एक कारण नांदेडचा तो दवाखाना. दुसरं कारण बोधगया. नवरा-बायकोनं मिळून तिकडं जायचं कितीदा ठरवलं होतं. एकदा घराचा स्लॅब आडवा आला, एकदा लेकीचं लग्न, आणि मग भीमराजच राहिला नाही. यंदा विहारातल्या बाया बुद्धपौर्णिमेला निघाल्या होत्या. लेकीनं, ज्योतीनं, आईचं नाव आपणहून दिलं होतं. पायाचं कळलं तर ती जाऊ देणार नाही, हे चांगुणाला पक्कं ठाऊक होतं.

ज्योती हिंगोलीला एका शाळेत शिकवायची. चैत्राचं ऊन तापायला लागलं तसा तिचा फोन आला.

"माय, चपलांवर जायचं न्हाई. तिकडं चालणं लई हाय. रविवारी इकडं ये, चांगले बूट घेऊ. नंतर शेतातबी कामी येतील."

"मला कशाला बूट? लुगड्यावर बूट घालून पोलीसबाई दिसन मी."

"दिस की मग."

रविवारी सकाळच्या गाडीनं चांगुणा हिंगोलीला आली. मायलेकी बाजारातल्या गुलाबचंद शेठच्या दुकानात गेल्या. शेठ साठीच्या पुढचे, गळ्यात चष्म्याची दोरी. भीमराजचे कामावरचे बूट इथूनच जायचे, त्यामुळं ते चांगुणाला ओळखत होते.

"आवो मावशी, बैठो. कितीचं माप?"

"सहाचं असन," चांगुणा म्हणाली.

शेठनी सहाचा एक जोड काढला. निळा, हलका, दिसायला छान. ज्योतीनं स्वतः आईच्या पायात चढवला.

"कसा वाटतोय?"

"बराबर हाय."

"चालून बघ जरा."

चांगुणा दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आली. पायात काय आहे ते तिला कळत नव्हतं. गुडघ्यापर्यंत ती स्वतःची होती, त्याखाली कुणीतरी दोन ठोकळे जोडल्यासारखं झालं होतं. पण चेहरा तिनं सरळ ठेवला.

"बराबर हाय. हेच घेऊ."

ज्योतीला आईची घाई कळेना. तिनं दुसरा जोड घालून बघायला लावला, मग तिसरा. प्रत्येकाला चांगुणा एकच बोलली. एक बूट तर पाचचा निघाला, शेठनी चुकून काढलेला. तोही तिला बराबर होता. ज्योतीचं हसू तिथं मावळलं. तिनं खाली बसून आईच्या पायातला शेवटचा बूट ओढून काढला, उलटा करून झटकला. आतून कागदाचा घट्ट बोळा पडला. नव्या बुटाचा आकार राहावा म्हणून पुढं कोंबलेला असतो तो. त्यापाठोपाठ ओल धरू नये म्हणून ठेवतात ती बारीक दाण्यांची पुडी पडली. चांगुणाची बोटं त्या बोळ्यावर दुमडून लालबुंद झाली होती.

"माय, आत काय व्हतं?"

"कुठं?"

ज्योतीनं आईचा पाय मांडीवर घेतला आणि तळवा वर केला. गुलाबी डागावर तिचा हात थांबला. तिनं अंगठ्यानं तो डाग दाबला. जोरात दाबला. आणि वर आईच्या तोंडाकडं बघितलं. चांगुणा समोरच्या फळीवरच्या खोक्यांकडं बघत होती. पाय कुणी दाबतंय याची तिला खबरच नव्हती.

गुलाबचंद शेठनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काय झालं ते बघितलं आणि पाणी आणतो म्हणून आत गेले.

बूट न घेताच दोघी बाहेर आल्या. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर ज्योती बसली. चांगुणा उभीच राहिली.

"काहून लपवलंस?" ज्योती म्हणाली.

लेकीच्या तोंडून आपलेच शब्द ऐकले आणि चांगुणा शेजारी टेकली. रस्त्यावरून ऑटो जात होते, पलीकडं रसवंतीचं चाक फिरत होतं.

"तुझ्या दादांनी त्या दिवशी भिंतीकडं तोंड केलं," ती हळूहळू बोलू लागली. भीमराजला लेक दादा म्हणायची. "मला वाटलं, माझा राग आला त्यांना. राग न्हवता तो, ज्योते. भ्याव व्हतं. मला आता कळून राहिलं. पाय कुणाला दाखवला की कापायचंच बोलतील, असं वाटतंय. अन् गयेला जायचं राहतंय. ते बी राहिलं त्यांचं. आता माझंबी तसंच व्हतंय."

ज्योतीला रागवायचं होतं. वडिलांच्या वेळी ती बाळंतपणात अडकली होती, काही करू शकली नव्हती. तो राग तिच्यात किती तरी दिवस साठून होता. पण आईचे ते दोन पाय, एक चपलेत आणि एक चपलेवर नुसता ठेवलेला, बघून तिनं वाकून तो दुसरा पाय चपलेत सरकवला.

"आधी डॉक्टर," ती म्हणाली. "गयेचं नंतर बोलू."

दुसऱ्या दिवशी ती आईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं कमी. चांगुणाला त्यांनी टेबलावर झोपवलं, एक बारीक नायलॉनचा दोरा दाखवला.

"डोळे मिटा मावशी. हा दोरा पायाला टेकवते. जिथं लागेल तिथं 'लागला' म्हणायचं."

चांगुणानं डोळे मिटले. पंख्याची खरखर ऐकू येत होती. बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं. ती दोऱ्याची वाट बघत राहिली. लक्ष सगळं पायात नेऊन ठेवलं. मग तिला वाटलं, बाईंना काहीतरी काम निघालं असेल.

"मी तयार हाय बाई," ती म्हणाली. "करा सुरू."

तिनं डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी दोरा गुंडाळून ठेवला होता. दोन्ही पाय तपासून झाले होते. ज्योती खिडकीकडं तोंड करून उभी होती.

"कापायचा का?" चांगुणानं विचारलं.

"नाही हो. कशाला कापायचा? जखम भरलीय, रक्त चांगलं फिरतंय. पाय तुमचेच राहणार आहेत. फक्त ते तुम्हाला काही सांगणार नाहीत आता. तुम्हालाच त्यांच्याकडं बघावं लागेल." बाईंनी एकेक गोष्ट समजावली. गोळ्या चुकवायच्या नाहीत. अनवाणी कधीच नाही, घरातसुद्धा. बूट घालायच्या आधी आत हात फिरवायचा, खडा, काटा, काही आहे का बघायचं. रोज संध्याकाळी तळवे बघायचे, आपल्याला दिसले नाहीत तर दुसऱ्याकडून बघून घ्यायचे.

"अन् गयेला?" ज्योतीनं विचारलं. हे आपण विचारू असं तिला सकाळपर्यंत वाटलं नव्हतं.

"जाऊ द्या. बूट मात्र नीट घ्या. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आणि त्यांना विचारू नका कसा वाटतो म्हणून. तुम्ही बघा."

त्याच संध्याकाळी मायलेकी परत गुलाबचंद शेठच्या दुकानात गेल्या. ज्योतीनं सगळं सांगितलं. शेठनी खोक्याचा पुठ्ठा फाडला, चांगुणाला त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पावलांचा आकार काढला. ज्योतीनं तो कापून घेतला. पुठ्ठ्याचं पाऊल एकेका बुटात घालून बघायला त्यांनी सुरुवात केली. बायकांच्या बुटांत ते कडेनं दुमडायचं. सहाच्याच काय, सातच्याही. आयुष्यभर चपलांत मोकळं वाढलेलं पाऊल ते, पुढून चांगलं रुंद.

एक जोड पुरेसा रुंद निघाला, पण ज्योतीनं तो हातात धरून वाकवला तर मधोमध पोळीसारखा दुमडला. तो बाजूला ठेवला. एकाच्या आत बोट फिरवल्यावर जाड शिवण लागली. हाताच्या बोटाला घासतेय तर पायाची कातडी सोलणारच. तोही गेला. शेवटी शेठ शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरून काळा, पुढून रुंद, टाचेला टणक, चिकटपट्टीचा एक जोड काढून आणला.

ज्योतीनं आतून सगळीकडं हात फिरवला. बूट फक्त बोटांपाशी वाकत होता. पुठ्ठ्याचं पाऊल आत सपाट बसलं, पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली. मग तिनं मोजे चढवून आईला तो घातला, चालवलं, लगेच काढला आणि पाय निरखून बघितले. कुठं लाली नव्हती.

"हा गडीमाणसाचा बूट हाय की," चांगुणा म्हणाली.

"तर काय झालं मावशी," शेठ बोलून गेले, "पायाला काय कळतंय, कुणाचा बूट हाय ते."

बोलले आणि त्यांची जीभच अडखळली. ज्योतीनंही मान खाली घातली. चांगुणानं दोघांकडं बघितलं आणि तिला हसू आलं. हळदीच्या दिवसांनंतर पहिल्यांदा ती अशी पोटातून हसली.

"खरं हाय शेठ. माझ्या पायाला काईच कळत न्हाई. द्या बांधून."

गावात आल्यावर ती ज्योतीनं सांगितल्याप्रमाणं नवे बूट सकाळी थोडा वेळ घालायची, काढून पाय बघायची, मग थोडा आणखी वेळ. पहिल्यांदा बूट घालून विहारात गेली तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं हसू दिलं. मग बूट काढून सगळ्यांसमोर शेजारच्या शालूबाईला म्हणाली, "शालू, तू येऊन राहिली ना गयेला? रोज सांजच्याला माझे तळपाय बघशील का? मला दिसत न्हाईत, अन् कळतबी न्हाई."

बायांच्या तोंडावरचे पदर खाली आले. भीमराजचं काय झालं ते त्या सगळ्यांना माहीत होतं.

"बघन की," शालूबाई म्हणाली. "त्यात काय."

सोपं नव्हतं ते. गाडीत, धर्मशाळेत, परक्या लोकांत, वयानं लहान असलेल्या बाईच्या पुढ्यात पाय पसरायचे. प्रवासाच्या पहिल्या संध्याकाळी चांगुणाला इतकी शरम वाटली की तिनं डोळ्यांवर पदर ओढला. शालूबाईनं मोबाइलचा उजेड पाडून बोटांच्या बेचक्यासुद्धा बघितल्या. "कोरं हाय सगळं," ती म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळी करंगळीला बारीक लाली दिसली तेव्हा तिनं दमात घेऊन चांगुणाला पुढचा सगळा वेळ बसवून ठेवलं. ज्योतीला फोनही केला. लाली रात्रीत उतरली.

पौर्णिमेच्या दिवशी त्या उजाडताच महाविहाराकडं निघाल्या, दगड तापायच्या आत. दाराशी बूट काढून द्यायचे होते. चांगुणानं जाड सुती मोजे पायात ठेवले. गर्दी होती, ठिकठिकाणचे लोक, केशरी चीवरं, कुणी दूरदेशीचे. शालूबाईनं तिचा दंड घट्ट धरला होता. दोघी हळूहळू विहाराला वळसा घालून पिंपळाखाली आल्या.

इथं यायचं, अन् या मातीवर भीमराजच्या वाट्याचाही पाय ठेवायचा, असं तिनं मनात किती वेळा म्हटलं होतं. आता ती उभी होती आणि पायाखाली काहीच नव्हतं. दगड गार आहे की कोमट, गुळगुळीत आहे की खरबरीत, काही नाही. साखऱ्यात उभी असती तरी इतकंच कळलं असतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शालूबाईला वाटलं, भीमराजची आठवण आली असेल. तीही होतीच.

"बसव मला," चांगुणा म्हणाली.

शालूबाईनं तिला कडेला, कुणाच्या पायात येणार नाही अशा जागी बसवलं. चांगुणानं पाय जवळ घेतले, पदर सावरला, आणि उजव्या हाताचा तळवा जमिनीवर टेकवला. फरशी गार होती. दोन फरशांच्या मधल्या फटीत बारीक माती होती, रात्रीच्या दवानं ओलसर. पिंपळाचं एक वाळकं पान हाताखाली चुरलं. तिला ते सगळं कळलं. तिनं दुसराही हात शेजारी ठेवला आणि आजूबाजूनं लोक वंदना म्हणत जात होते तोवर ती तशीच बसून राहिली.