मातीची बटई

"वैनी, ते खोरं खाली ठिवा. माज्या वावरातली माती उचलायची नाय."

"वावर तुमचं असंल, माती माजी हाय," बानाबाई म्हणाली आणि तिनं दुसरं घमेलं भरायला घेतलं.

मुंजाबा बांधावर उभा राहून तिच्याकडं बघत राहिला. गेल्या आठवड्यात खुलताबादच्या डोंगरात रातभर पाऊस कोसळला आणि सकाळी ओढा आपली वाट सोडून सरळ बानाबाईच्या वावरातून निघाला. कपाशी तर नेलीच, पण खालची काळी मातीही मुरूम उघडा पडेपर्यंत चाटून नेली. ती सगळी खालच्या बाजूला मुंजाबाच्या वावरात येऊन बसली. त्याची बोंडं फुटायच्या बेतात आलेली कपाशी गुडघाभर गाळाखाली गेली.

"आठ दिस तुमीच गावभर बोंबलत हिंडले, बानाबाईला म्हनावं तुजा चिखल घिऊन जा. आता म्या न्यायला आले तर नाय म्हन्ता?"

"तव्हा राग व्हता. आता कपाशी तर गेलीच, तिच्या बदल्यात हे आलंय. वढ्यानं आनून टाकलं, म्या काय मागायला गेलतो?"

"वढ्यानं माजं बकरू आनून टाकलं असतं, तर कापून खाल्लं असतं का?"

"बकरू वळखू येतं, वैनी."

"ही बी येती." बानाबाईनं एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबून फोडलं आणि त्याच्यापुढं धरलं. आत दोन-तीन लेंड्या होत्या. "घ्या. गावात आता मेंढ्या कोनाच्या राहिल्यात?"

मुंजाबानं मान वळवली. मेंढ्या फक्त तिच्याच राहिल्या होत्या, त्याही हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. बाकीच्या धनगरांनी कधीच विकून टाकल्या. आणि ही माती कशी झाली तेही त्याला ठाऊक होतं. बानाबाईच्या वाट्याला आलं होतं ते नुसतं खडकाळ रान. दुष्काळाच्या साली तळं आटलं, तेव्हा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं उन्हाळाभर डोक्यावर गाळ वाहून त्या खडकावर पसरला. मग दर साली खतासाठी वर मेंढ्या बसवल्या. त्या उन्हाळ्यात मुंजाबानंही तिच्या नवऱ्याच्या सोबतीनं घमेली उचलली होती. नवरा गेला, माती राहिली होती.

"पंचनाम्याला आल्यालं पोरगं मला म्हन्तं, आज्जी, पीक कोन्तं व्हतं?" बानाबाई घमेलं भरता भरता बोलतच होती. "म्या म्हन्लं, बाबा, पिकाचं मागून बघू, वावर कुठं गेलं ते लिव्ह की. तर हसलं अन् फोटू काढून गेलं."

तिची सून रत्नमाला रिकामं घमेलं घेऊन वरून आली आणि मटकन खाली बसली.

"आत्या, असं कव्हा व्हायचं? सकाळधरनं वाहायलो, वर अंगनाएवढं बी झाकलं नाय."

"ट्रॅक्टर येत नाय त्याला म्या काय करू? रस्ता बी वढ्यानंच नेला."

"ह्यांचा फोन आलता. म्हन्ले, आईला म्हनावं सोड ते वावर, इकडं शहरात ऱ्हायला ये."

"तिथं काय पेरू, गच्चीवर?"

पण सून खोटं बोलत नव्हती. बानाबाईनं वर पाहिलं. पांढऱ्या मुरमावर काळा ठिपका दिसत होता, तव्यावर करपलेला डाग दिसावा तसा. इकडं गाळाला वरून भेगा पडायला लागल्या होत्या. चार दिवसांत ओल उडाली की ना इथं काही पेरता येणार, ना तिथं. तिनं खोरं फेकलं आणि बांधावर बसून पदरानं तोंड पुसलं.

"मुंजाभाऊ, तुमी यात हरभरा टाकनार ना?"

"बघायलो."

"बघायचं काय त्यात. बटईनं टाका."

"कोनाच्या बटईनं? वावर माजं हाय."

"वावर तुमचं, माती माजी. बी निम्मं, राबनं निम्मं, रास निम्मी."

मुंजाबाला हसू आलं. "जमिनीची बटई ऐकली, बैलाची ऐकली. मातीची बटई म्या तरी कुठं ऐकली नाय."

"माती वावर सोडून गेल्याली तरी कव्हा ऐकली व्हती?"

मुंजाबा खाली उतरला. तेच फोडलेलं ढेकूळ त्यानं उचलून बोटांत चुरलं, त्याचा वास घेतला. त्याचं हसू गेलं.

"अन् पुढल्या साली वढा फिरला, अन् माज्यातून बी निऊन टाकली तर?"

बानाबाईनं खालच्या बाजूला बघितलं. मुंजाबाच्या वावराला लागून सांडू पाटलाची जमीन होती, पार नदीपर्यंत पसरलेली.

"मंग सांडू पाटलाकडं जाऊ. तुमी अन् मी. तव्हा तिघांत बटई."

"पाटील ऐकायचा नाय, वैनी."

बानाबाई उठली. भरलेलं घमेलं तिनं तिथंच, मुंजाबाच्या वावरात उपडं केलं आणि पायानं ढेकळं फोडायला लागली.

"तुमी तरी कुठं ऐकत व्हते," ती म्हणाली. "रत्ना, घरी जा अन् हरभऱ्याचं बी काढ. निम्मंच काढ."