वारा पडला की कळवा

माघ सरत आला तेव्हा घरामागच्या सागांवर तोडणीच्या खुणेचे पांढरे पट्टे उमटले आणि सुमंगलाबाईंनी ते खिडकीतून एकेक मोजले.

उदयनगरच्या शेवटच्या गल्लीत त्यांचं घर. परसाचं कुंपण संपलं की जंगलच. शाळेतून निवृत्त झाल्यावर देवास शहर सोडून त्या इथे आल्या त्या यजमानांच्या दम्यासाठी. इथली हवा नारायणरावांना मानवली होती. आणि आता वनविभागाची नोटीस आली होती: दाटीतले वाकडे, किडके साग काढायचे, आणि मग वस्तीच्या कडेनं तीस फुटी पट्टीतला पाचोळा मुद्दाम जाळून टाकायचा.

गल्लीतले सगळे त्यांच्याच ओट्यावर जमले, कारण अर्ज लिहावा तर बाईंनीच. शेजारच्या शालिग्रामचा कडब्याचा ढीग कुंपणाला लागून होता. तो म्हणाला, "बाई, आग तो आग हे. उसको क्या मालूम कौन सी पट्टी सरकारी हे!"

अर्ज गेला आणि चौथ्या दिवशी रेंजर स्वतः आली. वल्लरी नाव, तिशीची असेल. देवासच्या मराठी घरातली, पण सगळं शिक्षण हिंदीत झालेलं.

"काकू, तुमचा अर्ज वाचायला मला पूरा एक तास लागला," ती म्हणाली. "पण वाचला."

"मग उत्तर द्या. घराच्या पाठीशी तुम्ही काडी ओढणार आणि आम्ही बघत बसायचं?"

वल्लरीनं वाद घातला नाही. "जरा माझ्यासोबत चला," एवढंच म्हणाली. कुंपणापलीकडे पन्नास पावलांवर सुमंगलाबाईंचा पाय सागाच्या वाळक्या पानांत गुडघ्यापर्यंत रुतला. रोज खिडकीतून जंगल बघणाऱ्या बाई कितीतरी वर्षांनी आत आल्या होत्या.

"पुढच्या महिन्यात मोहाची फुलं पडतील," वल्लरी म्हणाली. "फुलं वेचायला लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. एक ठिणगी उडाली ना काकू, तर ही आग कोणाला विचारून येणार नाही. मी लावीन ती विचारून लावीन."

सुमंगलाबाईंनी पाय पाचोळ्यातून ओढून काढला. मग मास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या अटी आहेत. आदल्या दिवशी घरोघर सांगायचं. पाण्याचा टँकर गल्लीत उभा हवा. आणि वारा घराकडे फिरला तर काम तिथल्या तिथं थांबवायचं. मग वरून कुणाचाही हुकूम असो."

"मंजूर," वल्लरी म्हणाली.

झाडं काढली गेली. पहिले दोन दिवस कुऱ्हाडीचा आवाज त्यांना सोसवेना. तिसऱ्या दिवशी मात्र उरलेल्या सागांच्या बुंध्याशी ऊन उतरलेलं दिसलं, आणि त्यांचा राग थोडा निवळला.

जाळायच्या दिवशी नारायणरावांनी लोहारद्याला बहिणीकडे जावं असं ठरलं होतं. ऐन वेळी ते हटून बसले. "तुला एकटीला सोडून मी तिथं काय भजन करू?" शेवटी दारं-खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून त्यांना आतल्या खोलीत बसवलं.

दव सुकल्यावर वनरक्षकांनी पट्टी पेटवली. आग बुटकी होती, सरपटत चालली होती. अर्धी पट्टी नीट जळली. आणि मग वारा फिरला. धुराचा लोट सरळ गल्लीत आला. शालिग्रामनं कडब्यावर बादल्या ओतायला सुरुवात केली. आतून खोकल्याची ढास ऐकू आली तशा सुमंगलाबाई कुंपणाकडे धावल्या, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत वल्लरी ओरडत होती, "बंद करो! सब बुझाओ, अभी!"

"मॅडम, थोडं तर बाकी आहे," एक रक्षक म्हणाला. "उद्या ऊपर रिपोर्ट द्यायचीय."

"तर अधुरी देऊ. बुझाओ!"

हिरव्या फांद्यांनी झोडपून आणि टँकरचं पाणी मारून त्यांनी आग विझवली. नारायणराव तासाभरात दम्याच्या पंपानं सावरले. पट्टी मात्र नेमकी सुमंगलाबाईंच्या घरामागे अर्धवट राहिली.

त्या रात्री त्यांना राहून राहून एकच वाटलं: पोरीनं शब्द पाळला.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी परसात उभ्या राहून उदबत्तीचा धूर कुठं जातो ते बघू लागल्या. सहाव्या दिवशी धूर सरळ वर गेला. त्यांनी फोन लावला.

"वल्लरी, वारा पडलाय. आज येऊन जा."

"काकू... तुम्ही बोलावताय?"

"हो. आणि लवकर या. दहानंतरचा भरवसा नाही."

साडेनऊपर्यंत उरलेली पट्टी जळून काळी झाली.

रंगपंचमीनंतर, चैत्र लागायच्या बेताला, भर दुपारी डोंगराकडून आग आली. ही बुटकी नव्हती. वाळल्या पाचोळ्यावरून ती पळत सुटली होती, तडतड आवाज गल्लीपर्यंत येत होता. लोक गुरं सोडू लागले. शालिग्रामनं पोरांना टेम्पोत बसवलं. सुमंगलाबाईंनी नारायणरावांचा पंप आणि औषधं पिशवीत भरली आणि त्यांचा हात धरून दारात उभ्या राहिल्या.

आग काळ्या पट्टीपाशी आली. खाली जाळायला काही नव्हतं, आणि विरळ झाडांत वर चढायलाही तिला जागा मिळाली नाही. ती पट्टीच्या कडेनं डावी-उजवी घुटमळली. उडून आलेल्या दोन-तीन ठिणग्या आगीमागोमाग धावत आलेल्या वल्लरीच्या माणसांनी पायाखाली चिरडल्या. दिवस कलायच्या आत ती जागच्या जागी विझली.

शालिग्राम टेम्पोतून उतरला आणि मटकन रस्त्यातच बसला. "बच गए बाई," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

सुमंगलाबाई अजून दारातच उभ्या होत्या. नारायणरावांनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "बस जरा," ते म्हणाले. "आता माझी पाळी, चहा मी टाकतो."

वल्लरी ओट्यावर आली ती काजळीनं काळीठिक्कर. तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली तर चमचा बाजूला ठेवून ती हातानंच खायला लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हो आई... नाही गं, कुठे काय लागलं! सब ठीक आहे. खातेय ना, पोहे खातेय. काकूंकडे."

सुमंगलाबाईंनी तिच्या पोह्यांवर आणखी थोडी शेव घातली.