कोपरीच्या तटाला पडलेले खिंडार

‘खिंडार’ हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. भिंतीला खिळ्याचे भोक पडले तरी कोणी खिंडार म्हणतो, आणि एखाद्या पक्षातून चार माणसे बाहेर पडली तरी वर्तमानपत्रे खिंडारच छापतात. खिंड म्हणजे डोंगरांमधली वाट. तसे खिंडार म्हणजे तटाला पडलेली अशी मोकळी जागा, जिच्यातून कोणाला तरी आत येता येते. उंदराचे बीळ हे खिंडार नव्हे. झरोकाही नव्हे. मी इतका काटेकोर होतो, कारण मी स्वतः एक तट आहे आणि मला खिंडार आहे.

माझी उंची वीतभर, लांबी हातभर. कोपरीतल्या एका घरी लग्नानिमित्त नवा फ्रिज आला, त्याच्या खोक्यातला मी थर्माकोल. एरवी माझ्या जातीचे आयुष्य खोके उघडेपर्यंतच असते. पण त्या घरच्या नव्या सुनेने, कल्पिताने, मला उचलले, दोन्ही बाजूंनी निरखले आणि म्हणाली, “अरे वा, तू तर भिंतच आहेस!” मला कोणी ‘तू’ म्हटल्याची ती पहिलीच वेळ.

कल्पिता मानपाड्याची. तिला एका खेळाचा नाद आहे. टेबलावर अंगठ्याएवढ्या सैनिकांची लढाई मांडायची. एकीकडे बुटक्यांचे सैन्य, दुसरीकडे राक्षसांचे. फासे टाकायचे, फूटपट्टीने अंतर मोजायचे आणि तेवढेच सैन्य पुढे सरकवायचे. सैनिक विकत मिळतात. मात्र त्यांना लढायला डोंगर, पूल, तट लागतात. ते कल्पिता हाताने घडवते.

तिने बोथट बॉलपेनाने माझ्या अंगावर एकेक चिरा कोरला. चुरगळलेल्या चंदेरी कागदाचा गोळा फिरवून त्या चिऱ्यांना खडबडीतपणा आणला. पायथ्याशी वापरून वाळवलेल्या चहाच्या पुडीची माती पसरली, भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे तोडून झुडपे लावली. मग डिंकात काळा रंग कालवून त्याचा जाड लेप द्यायला घेतला. या लेपाला मी कवच म्हणतो. ते अर्धेच झाले, आणि माझी कथा त्या अर्धेपणातून निघाली.

घरात माणसे दोनच. कल्पिताचा नवरा दिपेश जहाजावर अभियंता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो समुद्रावर गेला. मागे उरले सासरे पंढरी. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केलेले; बोलणे मोजके, चेहरा कायम कडक. संध्याकाळी ते टेबलाजवळ येत, हात पाठीमागे बांधून माझ्याकडे पाहत आणि एक अक्षर न बोलता निघून जात. कल्पिताचा ब्रश तेवढ्यापुरता थांबे.

एकदा मात्र ते बोलले. “कवरा पसारा गो!”

केवढा हा पसारा, एवढेच. कल्पिताने त्याच क्षणी डिंक झाकला, ब्रश धुतला आणि मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीशी, रुचिताशी, फोनवर बोलत होती. “अगं, मी मानपाड्याला चाललेय. दिपेश येईपर्यंत तिकडेच राहीन म्हणते. इथे कोणाला माझं काही आवडतच नाही. श्वास घेतला तरी पसारा होईल असं वाटतं.”

दाराबाहेर पंढरी उभे होते. त्यांनी ते ऐकले, हे चादरीच्या फटीतून मला दिसले. कल्पिताला दिसले नाही.

ती गेली. घर इतके शांत झाले की ज्या फ्रिजबरोबर मी आलो, त्याची घरघरही मला सोबतीची वाटू लागली. मग एका दुपारी पंढरींनी मला खाली काढले, अंगावरची धूळ फुंकली, गॅलरीत वर्तमानपत्रावर उभे केले. त्यांच्या हातात राखाडी रंगाचा फवाऱ्याचा डबा होता, खिडकीचे ग्रिल रंगवून उरलेला. डबा हलवत ते माझ्याशी बोलले. हो, माझ्याशी. “अर्धाच ऱ्हायलास रं. आता पुरा होशील. मंग ती येईल.”

त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, की त्या फवाऱ्यातला द्रव थर्माकोल खातो. जिथे कवच होते तिथे रंग शहाण्यासारखा बसला. जिथे नव्हते तिथे मी बसू लागलो. चिरे खचले, कडा गळाल्या, पोटातून पलीकडचे आभाळ दिसू लागले. मला वेदना झाल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मात्र झाल्या. वर्तमानपत्राची घडी घेऊन ते मला जिवाच्या आकांताने वारा घालू लागले. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शांताबाईंनी नेमके तेवढेच पाहिले.

मग पंढरींनी फोन लावला. “पोरी, तुजा किल्ला माज्या हातान मेला गो.”

कल्पिता रिक्षा करून आली. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून तिने मला उचलले.

“बाबा, काय केलंत हे?”

“रंग दिला.”

“डायरेक्ट? थर्माकोलवर? स्प्रे?”

“लाकडाला चालता, लोखंडाला चालता. याला का नाय चालला?”

“पण तुम्हाला तर हे आवडत नव्हतं ना?”

“कोन बोलला?”

“तुम्हीच! पसारा म्हणालात.”

“मंग? आगरात पसारा नाय दिसला, तर समजावा, मानसा कामाला आली नाय. पसारा हाय म्हंजे काम चाललाय. मी तुना चांगला बोललो व्हतो.”

“मग चांगलं जरा हसून बोला ना! मी इथे घाबरून मरतेय!”

“माजा तोंडच असा हाय.”

त्यावर ती हसली. हसताना तिचे डोळे भरले. मग तिने पिशवी खांद्यावरून काढून आतल्या खोलीत नेली. कपाटाचे दार उघडल्याचा आवाज मी ऐकला आणि माझा उरलेला भाग निश्चिंत झाला.

माझे भोक बुजवायचे नाही, असे दोघांनी मिळून ठरवले. पंढरींनी ढासळलेल्या चिऱ्यांसाठी खडेमीठ सुचवले. “पावसाळ्यात पाझरेल, बाबा,” म्हणून तिने विटांचे तुकडे घेतले. राहिलेले कवच मात्र त्यांनीच दिले, ब्रशने, आतल्या अंगाला. रविवारी रुचिता राक्षसांचे सैन्य घेऊन आली. ती फासे टाकणार, इतक्यात पंढरींनी दोन बोटे पावलांसारखी चालवली, खिंडारातून आत आणली आणि विचारले, “माजी पाली कवा?”

“तुमची पाळी पुढच्या रविवारी,” कल्पिता म्हणाली. “तोपर्यंत सैन्य रंगवा. ब्रशने!”

आज मी दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात आहे. शेजारी एक छोटे मिठागर आकार घेत आहे, अरुंद बांधांचे. राक्षसांनी मिठागरात काय करायचे, असे रुचिताने विचारले. “घसरतील,” पंढरींनी उत्तर दिले.

दिपेश सुट्टीवर आला, तेव्हा जिन्यातच शांताबाईंनी त्याला गाठले. “तुज्या बापानं रागानं सुनेचा किल्ला मोडला रं! कागदानं मारत व्हता, मी बगितला!” आता सारी इमारत हेच सांगते. पंढरी ऐकून नुसते मान हलवतात. म्हणून बोलणे माझ्यावर आले.

जे मारणे दिसले, ते वारा घालणे होते. उरला ‘रागाने’ हा शब्द. माझी कथा पुढे सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती, त्यातला पहिला काना काढा आणि त्या जागी अनुस्वार द्या. मला खिंडार पडले ते रंगाने.