मागच्या मडगार्डावरचा पोचा

बाबांच्या मागे वाटणी झाली तेव्हा मला गाडी मिळाली आणि धाकट्या भावाला तिचं इंजिन. हे ऐकून लोक हसतात. हसू देत.

गाडी साधीसुधी नव्हती. अमेरिकन, सतरा फूट लांब, मागे दोन पंख, पुढे दात विचकल्यासारखी क्रोमची जाळी आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन. बाबांनी ती जुनी म्हणून घेतली आणि मरेपर्यंत नवीसारखी ठेवली. ते गेले तेव्हा मी म्हणालो, गाडी माझी, मी थोरला. धाकटा म्हणाला, गाडी माझी, बाबांच्या हाताखाली हात काळे मी केलेत. मध्यस्थीला आमचे मामा बसले होते. जन्मभर कारखान्यात फिटर होते ते. तीन दिवस आमची तोंडं बघून त्यांचं डोकं फिरलं आणि ते म्हणाले, "मग इंजिन उतरवा!" त्यांना वाटलं, लाजेकाजेस्तव तरी आम्ही संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येऊ. आम्ही संध्याकाळपर्यंत इंजिन उतरवलं.

त्याच बैठकीत आईचीही वाटणी झाली. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. तिला कोणी विचारलं नव्हतं, हे आत्ता सांगताना ध्यानात येतंय.

यावर चौदा वर्षं गेली. आम्ही दोघांनी आपापला वाटा जिवापाड जपला, त्यात कोणी बोट दाखवावं असं काही नाही. मी बाबांच्या घरी राहतो, गाडी तिथल्याच गॅरेजात. दर रविवारी मी जुना बनियन घेऊन क्रोम घासायचो. धाकटा दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याने शेडमध्ये लोखंडी घोडी बनवून तिच्यावर इंजिन बसवलं होतं आणि दर रविवारी दहाच्या ठोक्याला तो ते वीस मिनिटं चालू ठेवायचा. कुठे जायचं नाही, यायचं नाही, नुसतं चालवायचं. आवाज थेट आमच्या अंगणात यायचा. मी हातातलं काम थांबवून ऐकायचो.

"पाचवा सिलिंडर चुकतोय," मी बायकोला सांगायचो.

"मग जाऊन सांगा त्यांना."

"माझं काय अडलंय?"

"तुमचं कधी काही अडलंय का? अडलंय ते त्या गाडीचं," बायको म्हणायची. तिची जीभ पहिल्यापासून अशीच आहे.

मागच्या वर्षी आईला घेऊन मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला, आणि तोही पार पुढे गेलेला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. थेंब घाला, राहिलेली वर्षभर टिकली तर नशीब समजा. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरी येऊन चपला काढल्या, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला गाडी पुरी बघायची आहे. दिसतंय तोवर. एकाकडे धड बघायचं आणि दुसऱ्याकडे काळीज, कंटाळा आलाय मला."

त्याच पावली मी धाकट्याकडे गेलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्याने हातात पाना घेऊनच दार उघडलं.

"आईला गाडी पुरी बघायची आहे," मी म्हणालो, आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं.

त्याने पाना फडक्याला पुसला. "इंजिन तयार आहे. गाडीचं तू बघ."

"गाडीही तयार आहे."

या दोन तयार वस्तू एकत्र यायला अकरा महिने लागले.

इंजिन बसवण्यात एक महिना गेला, ते ठीक आहे. खरा घोळ पुढे झाला. ज्याला जुन्या गाडीचा नाद नाही त्याला हे समजायचं नाही, आणि ज्याला आहे त्याला सांगायची गरज नाही. धाकटा म्हणाला, रेडिएटरच्या पायपांना हल्लीच्या पट्ट्या लावल्या तर बाबा वरून थुंकतील. त्या काळातल्या तारेच्याच हव्यात. त्या परदेशातून यायला दोन महिने लागले. मग मी म्हणालो, तुझ्या पट्ट्या मूळच्या, तर माझा रंग काय म्हणून आजचा? हातमोजे ठेवायचा कप्पा काढला तर त्यामागे ऊन न लागलेला टीचभर हिरवा रंग सापडला. तो मिळवण्यापायी चार महिने. आम्ही पत्र्यावर एकोणीस ठिपके काढले. ते सकाळच्या उजेडात बघायचे, दुपारच्या बघायचे, आणि भांडायचं. मी म्हणायचो सातवा, तो म्हणायचा अकरावा.

गाडी माझ्या गॅरेजात, म्हणून वाटणी बाजूला ठेवून आई ते सगळे महिने माझ्याकडेच राहिली. दर आठ दिवसांनी गॅरेजच्या दाराशी यायची. "झाली का रे?"

"झालीच, आई."

"असेल तशी दाखवा की. मला काय प्रदर्शनाला न्यायची आहे?"

"अगं, पुरी बघायचीय ना तुला? पुरी झाल्याशिवाय नाही दाखवणार. थोडी कळ काढ." आणि आम्ही गाडीवर ताडपत्री ओढायचो. दोघं मिळून, एकेक टोक धरून. त्या वर्षात आमचं इतकं सुरेख जमलेलं दुसरं काम नाही.

सुरुवातीला ती सरळ चालत यायची. दिवाणखान्यातून, पायरी उतरून. पुढे पुढे भिंतीला हात लावून यायला लागली. मला ते दिसलं होतं. मी खोटं बोलणार नाही, मला ते स्वच्छ दिसलं होतं, आणि मी पुन्हा ठिपक्यांकडे वळलो. याची मला लाज वाटते आणि जन्मभर वाटणार.

एका बाबतीत मात्र आमचं लगेच एकमत झालं. मागच्या उजव्या मडगार्डावर, पंखाच्या खाली, तळहाताएवढा पोचा होता. आम्हाला कळायला लागल्यापासून होता. बाबांनी म्हणे उलटी घेताना फाटकाच्या खांबाला गाडी धडकवली होती. बाबा म्हणजे क्रोमवर बोटाचा ठसा दिसला तरी घर डोक्यावर घेणारे! तो माणूस आपल्याच फाटकाला कसा धडकला आणि धडकला तर दुरुस्ती का केली नाही, हे कोडं आम्हाला कधीच सुटलं नाही. धाकटा म्हणाला, "बाबांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली. ती तेवढी पुसून टाकू." मला ते पटलं. डेंटर बोलावला. त्याने तीन आठवडे आतून बाहेरून ठोकून, घासून, लांबीचा लगदा भरून तो पोचा असा नाहीसा केला की आम्हालाच जागा सापडेना. खूश होऊन आम्ही त्याला दोनदा चहा पाजला.

अखेर अकराव्या महिन्यात रंग सुकला. रंग नववा निघाला, दोघांचंही खरं झालं नाही. धाकट्याने आईचा हात धरून तिला अंगणात आणलं. तोवर तिच्या उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, डाव्याला तेही नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

"रंग कोणता लावलात?" तिने विचारलं.

"मूळचाच, आई. अगदी बाबांचा," मी म्हणालो.

"बरं," आई म्हणाली. चार महिन्यांचं उत्तर मिळालं.

मग तिने हात पुढे केला. पुढच्या दिव्यावर ठेवला, तिथून बॉनेट, पुढचं दार, मागचं दार, असा सरकवत मागे गेली. पंखाखाली आली आणि थांबली. हात मागे नेला, पुन्हा आणला. मग दोन्ही हात लावले.

"पोचा कुठे आहे?"

आपलं काम बघायला आलेला डेंटर अभिमानाने पुढे झाला. "काढला, आजी. आता भिंग लावून शोधलं तरी मिळणार नाही."

आई गाडीपासून दूर झाली. "मग ही दुसऱ्याच कोणाची तरी गाडी आहे," ती म्हणाली. "माझी कुठाय?"

धाकटा म्हणाला, "अगं, बाबांची ती एवढीच चूक होती, म्हणून आम्ही..."

"बाबांची कसली? ती मी धडकवली."

"तू?"

"मला शिकवत होते. इथेच, अंगणात. उलटी घ्यायला सांगितली, मी घेतली, धाडकन खांबावर. थोरला मागच्या सीटवर झोपला होता, तो उठलासुद्धा नाही. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. हे खाली उतरले, बघितलं आणि म्हणाले, कोणी विचारलं तर मी धडकवली. बस. पुन्हा त्यावर चकार शब्द नाही. मी परत चाकाला हात लावला नाही. पण रोज गाडी लावली की ते त्या पोच्यावर हात ठेवायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हसायचे. शेवटच्या दिवसापर्यंत." तिने पदराने डोळे पुसले. "मला तो एकदा बघायचा होता. दिसला नसता तरी हाताला लागला असता. आता काय करू मी या गुळगुळीत पत्र्याचं?"

मी आत जाऊन हातोडा आणला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि कोणी बघतंय का याची मला पर्वा नव्हती. डेंटर आडवा आला. "काका, वेड लागलंय का? तीन आठवडे घातलेत मी!"

"हातोड्याने तसा पडायचा नाही," धाकटा म्हणाला. "तो गोल होता. खांबाचाच हवा."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं म्हणणं ऐकताक्षणी पटलं. खांब होता तिथेच होता.

आम्ही आईला चाकामागे बसवलं. इंजिन बंद ठेवलं. धाकटा तिच्या शेजारी, एक पाय ब्रेकजवळ घेऊन बसला. अंगणाला फाटकाकडे थोडा उतार आहे, त्यामुळे पुढून मी, बायको आणि डेंटर तिघांनी रेटा लावल्यावर गाडी हलली. डेंटर ढकलता ढकलता देवाचं नाव घेत होता.

"आई, थोडं डावीकडे," धाकटा म्हणाला.

"गप रे. हात लावू नकोस. कसं चुकायचं ते मला माहीत आहे."

धाडकन आवाज झाला. फाटक हललं. रंगाचा एक पापुद्रा उडून खाली पडला, नवव्या नंबरचा. डेंटर मटकन पायरीवर बसला.

आई उतरली, गाडीला धरून मागे गेली आणि पंखाखाली हात ठेवला. बराच वेळ तिने तो काढला नाही.

"जरा वर आलाय," ती म्हणाली. "चालेल."

मग तिने खिडकी कुठल्या बाजूला आहे ते मला विचारलं. मी तिचे खांदे धरून तिला स्वयंपाकघराकडे वळवलं. ती तिकडे तोंड करून उभी राहिली आणि हसली. बायको पटकन आत गेली, चहा टाकते म्हणाली.

एक तारखेला आईचे धाकट्याकडचे सहा महिने सुरू झाले. मी तिला गाडीतूनच पोचवलं. दोन गल्ल्यांचं अंतर, पण तिने लांबून फिरवून आणायला लावलं. त्याच्या दारात गाडी उभी केली, आईला उतरवलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"सहा महिने तुझ्याकडे," मी म्हणालो. "आणि पाचवा चुकतोय."

"सातवा," तो म्हणाला.

मी चालत घरी आलो.