पेल्यातल्या गणपतीचे दोन तीळ

त्या मंगळवारी खांब गावच्या नाक्यावर इतकी गर्दी होती की गोव्याकडचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकले. रांग चिंचेखालच्या मांडवातून निघून थेट कापलेल्या भाताच्या खाचरात उतरली होती. मांडवात गादीवर पेलेवाले महाराज बसले होते. त्यांच्या हातात पितळेचा एक बुटका, जाड बुडाचा पेला होता.

"बघा, पेला रिकामा! जसा देवाविना माणूस रिकामा!" महाराज पेला चारी बाजूंनी दाखवत. तळाशी काचेचा एक फुगीर खडा बसवलेला आणि त्यात रंगांचा नुसता धुरकट डाग. मग ते कमंडलूतलं पाणी ओतत. "आता बोलवा त्याला! मनापासून बोलवा!"

समोरचा माणूस वाकून बघे आणि किंचाळे, "गणपती! तळाशी गणपती बसलाय!"

"प्या! घटाघटा प्या!"

माणूस पिऊन टाकी. पेला रिकामा, गणपती गायब.

"गेला कुठं?" महाराज विचारत.

"पोटात!" अख्खा मांडव ओरडे.

"आता तिथं कुणी राहायचं? रोगानं की देवानं?"

"देवानं!"

ओरडणाऱ्यांत सगळ्यांत खणखणीत आवाज माझा होता. मी म्हणजे रोह्याच्या हायस्कुलात बावीस वर्षं विज्ञान शिकवणारा दत्तामास्तर. प्रकाशाचं वक्रीभवन हा धडा मी पुस्तक न उघडता शिकवायचो. त्या दिवशीच्या रजेच्या अर्जात मी पोटदुखी असं कारण लिहिलं होतं.

ही सत्त्याहत्तर सालची गोष्ट. माझी बायको चंद्रावती आठ महिने क्षयाचं औषध घेत होती. खोकला कमी झाला होता, पण गोळ्यांनी तिला मळमळे, अन्न नकोसं होई. "अजून दहा महिने हे गिळायचं?" असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडे. अशात कुणीतरी महाराजांचं नाव सांगितलं. मी आधी हसलो. मग बायकोच्या समाधानासाठी म्हणून गेलो. पेल्यात वाकून पाहिलं तर खरंच गणपती! माझे डोळे भरून आले आणि बावीस वर्षांचं विज्ञान त्यात वाहून गेलं.

महाराजांची अट एकच होती. अकरा मंगळवार पेला, आणि तोवर दुसरं औषध बंद. "पोटात देव असताना वर गोळ्या टाकायच्या? त्याचा अपमान नाही का?" गोळ्यांची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली ती मी, माझ्या या हातांनी.

तिसऱ्या आठवड्यात हमरापूरहून चंद्रावतीची थोरली बहीण आली, सगुणाअक्का. गणपतीच्या कारखान्यात ती मूर्तींचे डोळे आखायची. आल्या आल्या तिनं विचारलं, "काय गो चंद्रे, खोकला परत वाढला वाटतं? गोळ्या घेतेस ना?"

"बंद केल्या, अक्का. माझ्या पोटात गणपती हाय आता."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात लावायचो तो आवाज लावला, "असं आहे अक्का, श्रद्धेचाही शरीरावर परिणाम होत असतो."

"झालेला दिसतोय," अक्का म्हणाली. "दारातच शेजारीन सांगत व्हती, काल रक्त पडलं म्हनं खोकताना."

हे मला ठाऊक नव्हतं. चंद्रावतीनं ते माझ्यापासून लपवलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून!

तरी पुढच्या खेपेला अक्का आमच्याबरोबर निघाली ती काही महाराजांची परीक्षा घ्यायला नव्हे. तिचा गणपतीवर जीव. "दर वर्षी एवढ्या मूर्तींना डोळे देते मी, त्यानं येकदा माज्याकडं बघावं," एवढंच तिच्या मनात होतं. मंगळवारी आम्ही तिघं एस.टी.नं खांबला गेलो.

अक्काचा नंबर आला. तिनं हात जोडले, पेला घेतला, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मागचे लोक कुरकुरायला लागले.

"प्या, बाई," महाराज म्हणाले.

"थांबा जरा." अक्कानं पेला उजेडाकडे वळवला. "ह्याचे डोळे मी काढलेत."

महाराज गोड हसले. "सगळ्यांना तो आपलाच वाटतो, बाई!"

"वाटायचं काय त्यात? माज्या धन्याला जाऊन महिना झाला व्हता, हात थरथरत व्हता. डाव्या डोळ्याखाली काळा ठिपका पडला. पुसायला गेले असते तर गालाचा रंग गेला असता. म्हनून उजव्याखाली दुसरा दिला, जोडीला. दोन तिळांचा गनपती म्हनून फोटोवाला येऊन फोटो काढून घेऊन गेला. त्यो हाच."

महाराजांनी पेल्यासाठी हात पुढे केला. अक्कानं सोडला नाही.

"हे मंतरलेलं पाणी आहे! पापी माणसाला त्यात भलतंच दिसतं!"

तेवढ्यात माझं डोकं चालायला लागलं, बऱ्याच उशिरा. मी म्हणालो, "मग मंतरलेलं नसलेलं पाणी ओतू या."

रांगेत कान्हू ड्रायव्हर उभा होता. तो पळत गेला आणि ट्रकच्या रेडिएटरमध्ये ओतायच्या पाण्याचा डबा घेऊन आला. अक्कानं तीर्थ जमिनीवर ओतून टाकलं. तळाशी पुन्हा तोच धुरकट डाग. मी डब्यातलं पाणी ओतलं आणि गणपती हजर! दोन तिळांसकट.

"अरे, ह्या पान्यावर तर माजा ट्रक चालतो," कान्हू म्हणाला. "मंग आतापावेतो इंजिनात किती गनपती गेले?"

लोक हसले. मी पेला उपडा केला. बुडाला आटे होते. पिळलं तसं बूड निघालं आणि माझ्या तळहातावर एक फुगीर भिंग आणि नखाएवढा रंगवलेला फोटो पडला.

मग मी तो धडा शिकवला, रस्त्याच्या कडेला, मान खाली घालून. फुगीर काच हवेत असली की प्रकाश इतका वाकवते की खालचं चित्र विस्कटून नुसता डाग दिसतो. वर पाणी आलं की काच आणि पाणी यांत फारसा फरक उरत नाही, भिंगाचा जोर जातो आणि चित्र स्वच्छ दिसतं. पाणी प्यालं की पुन्हा डाग. देव पोटात जात नाही, पाणी जातं. असे पेले दारू पिणाऱ्यांच्या गमतीसाठी बनवतात हे मला पुढे कळलं. त्यांच्या तळाशी बाईचं चित्र असतं. महाराजांनी बाई उठवून तिथं गणपती बसवला होता.

लोकांनी महाराजांना पोलिसांकडे नेलं. जाता जाताही दोघांनी त्यांच्या पाया पडून घेतलं. मला हसता आलं नाही.

डॉक्टरांनी चंद्रावतीला तपासलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "पहिल्यापासून सुरू करू," एवढंच म्हणाले. पुन्हा अठरा महिने, आणि वर रोजची इंजेक्शनं. ती वाचली. तो खडतर काळ तिनं काढला, मी फक्त वेळेवर गोळी पुढे करत होतो.

रांगेतल्या आणखी कुणी औषधं सोडली असतील, म्हणून मी रविवारी गावोगाव फिरलो. एका घरी कृष्णाबाई भेटली. तिच्या मुलीच्या, मैनाच्या, फिटच्या गोळ्या तिनं बंद केल्या होत्या. चुलीपाशी असताना मैनाला फिट आली. हात कोपरापर्यंत भाजला होता.

त्या दिवसापासून माझ्याकडेच राहिलेला पेला मी काढला, भिंग दाखवलं. कृष्णाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, मी रांगेतनं परत फिरनार व्हते. पन तुमी पुढं उभे दिसलात. म्हटलं, एवढा शिकलेला मानूस उभा हाय, तर खरंच असंल."

मैनाच्या गोळ्या पुन्हा सुरू करायला त्या मायलेकींना घेऊन मी दवाखान्यात गेलो, एवढंच.

म्हणून सांगतो. चमत्कार दिसला तर जरूर बघा, पण उपडा करून बघा, दुसरं पाणी ओतून बघा, ज्याला त्यातलं कळतं त्याला दाखवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. आणि शिकलेले असाल तर जास्तच जपा. आपण एकटे फसत नाही. आपल्याकडे बघून मागं कुणीतरी रांगेत उभं राहतं.